काठावरची राखण

चाळीसगावच्या दक्षिणेला, पाटणादेवीच्या डोंगरकुशीत एक शिलालेख सापडला आणि त्यामुळे खानदेशाचे नाव गणिताच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. शके ११२८, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि त्या मठाला निकुंभ राजांनी दान दिले, असे त्यात नोंदलेले आहे. विद्वानांचे लक्ष स्वाभाविकच त्यातल्या वंशावळीकडे गेले. माझे मन मात्र लेखाच्या शेवटच्या, तत्कालीन मराठीतल्या ओळींपाशी थांबते. विकणाऱ्याने काय द्यायचे, घेणाऱ्याने काय द्यायचे, तेलाच्या घाण्यामागे किती तेल मठाकडे जायचे, याचा तिथे बारीकसारीक तपशील आहे. शिकणाऱ्यासाठी गावाने काय करायचे हे आठशे वर्षांपूर्वी या मुलखात कोणाच्या सद्भावनेवर सोडलेले नव्हते. ते दगडावर लिहिलेले होते.

या लेखाची आठवण आज होण्याचे कारण वरवर पाहता किरकोळ वाटेल. गळ टाकून मासे धरणे हा पोटाचा उद्योग न राहता हौस म्हणून, छंद म्हणून रुजतो आहे. मुंबईत पवई तलावाच्या काठी हौशी मासेमारांची संघटना कित्येक दशकांपासून आहे; चांगल्या काठ्या, रिळे, नायलॉनची दोरी, कृत्रिम आमिषे आता तालुक्याच्या गावीही घरपोच येतात. सुट्टीतली निसर्गशिबिरे, साहसशिबिरे आणि त्यांना जोडून येणारी पाण्याकाठची मुशाफिरी यांत मुले असतात, आणि असावीतही. ज्या मुलाचे डोळे दिवसभर हातातल्या पडद्याला चिकटलेले असतात त्याने मेहरुण तलावाच्या किंवा नकाणे तलावाच्या काठी दोन तास गप्प बसून बोयऱ्याकडे पाहावे, पाण्याखाली मरळ कुठे दडतो आणि वाम कुठल्या चिखलात सापडते हे एखाद्या जाणत्याकडून शिकावे, हाती आलेला लहान मासा ओल्या हाताने अलगद सोडून द्यावा, यासारखे शिक्षण शाळेत मिळत नाही. म्हणून माझे हे लिहिणे त्या छंदाच्या विरोधात नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्या काठावर मुलाची राखण कोणाकडे सोपवलेली आहे, आणि ती कुठे लिहिलेली आहे?

कारण या छंदाचे स्वरूपच असे आहे की त्याला एकांत लागतो. पहाटेचा अंधार, नाहीतर संध्याकाळची वेळ. गावापासून दूरचा काठ. मासा बिथरू नये म्हणून पाळलेली शांतता. चांगली जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून राखलेले गुपित. एका मोटारसायकलवर एक मोठा आणि एक लहान. भिजलेले कपडे बदलणे. महागडी काठी भेट म्हणून देणे. यातली एकही गोष्ट मुळात वाईट नाही. परंतु मुलांचा गैरफायदा घेणाऱ्या माणसाला जी परिस्थिती मुद्दाम घडवून आणावी लागते, ती या छंदात आपोआप तयार असते, आणि तिच्या जोडीला खोल पाणीही असते.

पूर्वी काठ असा रिकामा नव्हता. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत पाहावी. नदीला बांध घालायचा, पाट काढायचा, शिवाराचे फड पाडायचे आणि साऱ्यांनी ठरवलेल्या पाळीने भिजवायचे, अशी ही सामुदायिक व्यवस्था. तिच्यात हवालदार होता, पाटकरी होता, बारेकरी होता, जागल्या होता. एका पाण्याला इतके राखणदार, आणि त्यांना नेमणारे व त्यांच्या कामाचा जाब विचारणारे सारे गाव. पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि एकट्या माणसावरही सारा भार टाकायचा नाही, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता. फडातला पाटकरी अप्रामाणिक असतो असे कोणी समजत नव्हते; तरीही त्याच्यावर लक्ष असे, आणि त्यात त्याचा अपमान आहे असे त्यालाही वाटत नसे. हा बारकावा आपण पुढे विसरलो, आणि त्या विस्मरणाची किंमत पाण्याने नव्हे, मुलांनी मोजली.

मुलांची राखण कोणा हवालदाराकडे नव्हती हे खरे. ती काठावरच्या डोळ्यांकडे होती. धुणे धुणाऱ्या बाया, गुरे पाण्यावर आणणारे गुराखी, होडी घालणारे भोई, जाळे सुकत घालणारे कोळी, अशांनी नदीचा काठ दिवसभर भरलेला असे. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून पोर विहिरीत उतरे तेव्हा काठावर पाच-सात जण उभे असत. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'तला प्रसंग साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे: पोहायला भिणाऱ्या मुलाला आई मारून विहिरीकडे धाडते. तो प्रसंग कोकणातला, पण त्यामागची धारणा खानदेशातही तीच होती. पाण्याची भीती मोडणे हे आईचे कर्तव्य, आणि पाण्यात उतरल्यावर सांभाळणे हे गावाचे.

त्या काळाचे सोने करून सांगण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. ते डोळे सगळ्या मुलांवर सारख्या मायेने फिरत नव्हते. कोणाचे पोर कोणत्या पाणवठ्यावर गेले तर मार खाईल हे जातीने ठरलेले होते. भिल्लांच्या मुलांची गणती गावाच्या मुलांत होत नव्हती. आणि घराच्या उंबऱ्याआत, नहाण येण्यापूर्वी सासरी धाडलेल्या मुलीवर काय गुदरते तिकडे तर कोणीच पाहत नव्हते. गावाची नजर राखण करी, तशी ती निवडही करी.

१८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले आणि १८२५ साली जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभारायला घेतली. शिकार हा या साहेबांचा राजधर्मच होता, आणि बंदुकीच्या मागोमाग गळाची काठीही हिंदुस्थानात आली. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली या विषयावर 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथच लिहिला. शौकिनांना आणि सरकारला पुढे चिंता वाटू लागली ती मासे संपत चालल्याची. १८९७ सालचा चौथा कायदा हा हिंदुस्थानचा मत्स्य कायदा; पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे त्याने गुन्हा ठरवले. त्याच वर्षीचा आठवा कायदा सुधारगृहशाळांचा होता. माशाला इजा करणारा त्या वर्षी कायद्याच्या नजरेत आला. मूल मात्र कायद्याच्या नजरेत आले ते गुन्हेगार म्हणून. त्याआधी १८८१ च्या कारखाना कायद्याने ते मजूर म्हणून आले होते. ज्याला कोणी इजा करते असे मूल कायद्याच्या भाषेत तोवर जेमतेम जन्माला आले होते.

आणि तेही, सहा वर्षांपूर्वी, एका मृत्यूतून. कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या अत्याचाराने मरण पावली, तेव्हा कायद्याने त्या नवऱ्यावर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही, आणि १८९१ साली संमतीवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. महाराष्ट्रात त्यावरून जे रणकंदन माजले त्याच्या दोन बाजू प्रसिद्ध आहेत. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळकांचे म्हणणे, समाजाच्या चालीरीतींत परक्या सरकारने हात घालू नये. टिळकांच्या राजकीय भूमिकेला त्या परिस्थितीत आधार होता, हे मान्य करूनही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मुलाच्या संरक्षणाचा प्रश्न निघाला की 'हे आमच्या आतले आहे, बाहेरच्याने पाहू नये' हे उत्तर तेव्हापासून आजतागायत दर पिढीत दिले गेले आहे. फक्त 'आतले' या शब्दाचा अर्थ पालटत गेला. १८९१ मध्ये तो घर होता, पुढे तो शाळा झाला, वसतिगृह झाला, क्रीडासंघटना झाला. उद्या तो मासेमारांचा क्लब होईल.

१९२४ हे वर्ष खानदेशाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा मंजूर झाला आणि त्याच वर्षी पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाला. तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांची आजारपणे काढणे, त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढणे, ही त्यांची सहा वर्षे मराठी मनात कथेसारखी ठसली आहेत. मुलांचा गुरुजींवरचा विश्वास सार्थ होता. पण आपण त्या उदाहरणातून जे उचलले ते अर्धवट उचलले. चांगला माणूस मिळाला की मुले सुरक्षित, एवढेच आपण लक्षात ठेवले. गुरुजींचे सारे वागणे भरल्या छात्रालयात, सगळ्यांच्या देखत, रोज लिहिल्या जाणाऱ्या कागदाच्या साक्षीने चालत होते, ही बाजू विसरलो. गुरुजींसारखा माणूस शतकात एखादा होतो. उरलेल्या शतकासाठी व्यवस्था लागते.

व्यवस्थेला कागद लागतो, हे धुळ्याइतके कोणत्या शहराने जाणावे? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. ज्या माणसाने गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरची, वाळवी लागलेली दप्तरे वाचवली, त्याचा आग्रह एकच होता: लिहिलेले दाखवा. आज तिथल्या एखाद्या मंडळाकडे, शिबिराकडे, क्लबाकडे असा कागद मागितला, की अमक्या दिवशी कोणते मूल कोणाबरोबर कुठल्या पाण्यावर गेले आणि किती वाजता घरी परतले, तर तो किती ठिकाणी निघेल? वर्गणीची पावती निघेल. धर्मादाय कार्यालयाकडे द्यायचा हिशेब निघेल. जलाशयात किती बोटुकली सोडली याची नोंद मच्छीमार सहकारी संस्थेकडे निघेल.

स्वातंत्र्यानंतर पाणीच बदलले. गिरणा धरण १९६९ साली झाले, तापीवरचे हतनूर १९८२ साली. वाघूर, अनेर, अक्कलपाडा अशी नावे एकेक करून नकाशावर आली. ज्या नद्या उन्हाळ्यात गुडघाभर होत त्यांच्या जागी कित्येक पुरुष खोल जलाशय आले; दरवाजे उघडले की कोरड्या पात्रात पाण्याचा लोंढा येऊ लागला; वाळूच्या उपशाने गिरणेच्या पात्रात असे खड्डे पडले की वरून सपाट दिसणारे पाणी पुढच्या पावलाला डोक्यावरून जाते. आणि ज्या दशकांत पाणी जास्त धोक्याचे झाले त्याच दशकांत काठ रिकामा झाला. नळ घरात आला, धुणे यंत्रात गेले, गुरे गोठ्यात बांधली गेली, पाटकरी आणि जागल्या इतिहासजमा होत गेले. काठावर मूल राहिले आणि त्याला घेऊन आलेला एक मोठा माणूस. राखणदार काढून घेतले गेले आहेत हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण त्यांची नेमणूक कधी कागदावर झालीच नव्हती.

त्यानंतरच्या घटना आपल्या हयातीतल्या आहेत, म्हणून त्या अधिक लवकर विसरल्या गेल्या. १९९० साली हरियाणात लॉन टेनिस संघटनेच्या अध्यक्षाने, जो एक वरिष्ठ पोलीस अधिकारीही होता, चौदा वर्षांच्या खेळाडूचा विनयभंग केला. घरच्यांनी तक्रार केल्यावर त्या कुटुंबाचाच छळ झाला, तीन वर्षांनी मुलीने जीव दिला, आणि न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले ते २००९ च्या डिसेंबरात. १९९४ साली खुद्द जळगावात जे प्रकरण उघडकीला आले त्याने सारा महाराष्ट्र हादरला होता. मुलींना जाळ्यात ओढायचे, छायाचित्रे काढायची आणि त्यांच्या धाकाने गप्प ठेवायचे, असा तो प्रकार वर्षानुवर्षे चालला होता. करणाऱ्यांत प्रतिष्ठित, ओळखीचे, राजकारणात वावरणारे लोक असल्याचे आरोप झाले. तपासापुढची सर्वांत मोठी अडचण पुराव्याची नव्हती, तोंडे उघडण्याची होती. लग्ने ठरायची होती, बहिणी मागे होत्या, गावात राहायचे होते. शहराने त्यानंतर सर्वांत मोठा प्रयत्न केला तो विसरण्याचा, आणि त्यात ते बरेचसे यशस्वी झाले. जळगावकरांनी त्या प्रकरणाचा उल्लेख टाळावा हे मी समजू शकतो. परंतु त्यातून मुलांच्या संस्थांसाठी एकही कायमचा नियम त्या शहराने स्वतःहून घालून घेतला नाही, हे मला क्षम्य वाटत नाही.

२००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या साडेबारा हजारांच्या आसपास मुलांशी बोलून अहवाल प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्तच निघाले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीतले होते. बहुतेक मुलांनी कोणाला काही सांगितले नव्हते. 'मुलगा आहे, त्याला काय होणार' या आपल्याकडच्या अढळ समजुतीला हा आकडा पुरेसे उत्तर होता. नदीवर, गळाकडे, शिकारीला धाडले जातात ते मुख्यतः मुलगेच, हे ध्यानात घेतले तर अधिकच. पाच वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१२ पासून, लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू झाला आणि मुलगा व मुलगी दोघांनाही त्याने सारखे संरक्षण दिले. फुलमणीच्या मृत्यूनंतर एकशेवीसहून अधिक वर्षांनी.

आणि मग २०१८ चा तो जून-जुलै, ज्याच्याकडे खानदेशाने अजून नीट वळून पाहिलेले नाही.

१० जूनला जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावात मातंग समाजाची मुले एका विहिरीत पोहायला उतरली. जूनमधल्या उकाड्यात मुलांनी पाण्यात उतरावे यापेक्षा नैसर्गिक काय असेल? त्यांना पकडून, नग्न करून मारण्यात आले आणि त्या माराचे चित्रण करण्यात आले. ते चित्रण फिरू लागल्यावर मगच घटना बाहेरच्या जगाला कळली. पॉक्सो, अत्याचार प्रतिबंधक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यांखाली गुन्हे दाखल झाले. पुढे एका राष्ट्रीय पक्षाच्या अध्यक्षांनी निषेध म्हणून तेच चित्रण समाजमाध्यमावर टाकले, तेव्हा मुलांची ओळख उघड केल्याबद्दल राज्य बालहक्क आयोगाला त्यांना नोटीस पाठवावी लागली. मुलांची अब्रू मारणाऱ्यांनी घेतली, पाहणाऱ्यांनी घेतली, आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांच्या हातूनही ती सांडली.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर जगणारे निरपराध लोक होते.

या दोन घटना वर्तमानपत्रांनी वेगवेगळ्या रकान्यांत छापल्या, एक जातीय अत्याचाराच्या आणि दुसरी अफवांच्या. इतिहासाच्या नजरेने त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एका गावात पाण्यावर आलेल्या मुलांना ओळखीच्याच मोठ्या माणसांनी नागवे करून मारले. दुसऱ्या गावात मुलांच्या रक्षणासाठी म्हणून अनोळखी माणसे मारली गेली. मुलांविषयीची काळजी आपल्यात नाही असे नाही, ती जीव घेण्याइतकी तीव्र आहे. पण ती वाट चुकलेली आहे. तिचे तोंड परक्याकडे, फिरस्त्याकडे, भिक्षेकऱ्याकडे वळलेले आहे, तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दरवर्षी सांगतात की मुलांवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत शंभरातले नव्वदांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. १८९१ मध्ये 'आतल्या'कडे पाहायचे नाकारणारा समाज आणि २०१८ मध्ये बाहेरच्याला ठेचणारा समाज यांत मला सव्वाशे वर्षांचे अंतर दिसते, स्वभावाचे अंतर दिसत नाही.

हा स्वभाव एकट्या खानदेशाचा नाही. इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांत लहान खेळाडूंवर प्रशिक्षकांनी केलेले अत्याचार २०१६ साली एका माजी खेळाडूने तोंड उघडल्यावर बाहेर आले. २०२१ च्या चौकशी अहवालात किमान ६९२ पीडित आणि २४० संशयितांचा उल्लेख आहे. अमेरिकेच्या बालवीर संघटनेविरुद्ध ८२ हजारांवर दावे दाखल झाले. या दोन्ही ठिकाणी अत्याचार करणारे बहुधा सर्वांत लोकप्रिय, सर्वांत उत्साही, पालकांनी आग्रहाने घरी जेवायला बोलावलेले लोक होते. त्या देशांतल्या मैदानी व जलक्रीडा संस्थांत, गळाच्या क्लबांतही, आज एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर राहणार नाही हा पहिला नियम असतो, तो या दुःखातून आलेला आहे.

आपल्याकडेही नियम येतात, पण मृत्यूच्या पाठोपाठ, आणि मृत्यू विसरला गेला की तेही विसरले जातात. २००६ साली हिमालयातल्या गिर्यारोहणात मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, म्हणून राज्याने साहसी उपक्रमांसाठी आधी २०१४, मग २०१८ आणि शेवटी २०२१ साली नियम केले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले, मग शाळा-महाविद्यालयांच्या सहलींवर अटींची लांबलचक यादी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले तेव्हा साऱ्या राज्याला शाळांतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्यांची आठवण झाली. त्या समित्यांचा आदेश २०२२ पासूनच कागदावर होता. २०२४ च्याच जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातले चार तरुण विद्यार्थी रशियात, वेलिकी नोव्हगोरोदजवळ व्होल्खोव्ह नदीत बुडाले. ज्या जिल्ह्यात तापी, गिरणा, वाघूर, अंजनी, बोरी वाहतात तिथली मुले जगाच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात जातात तेव्हा हा प्रश्न परक्या नदीपुरता उरत नाही. वाहत्या पाण्याची ओळख, त्यात कधी उतरायचे नाही याचे शिक्षण, बुडणाऱ्यामागे स्वतः उडी न घेता दोर फेकायचा हा साधा धडा, आपण आपल्या शाळांतून कधी दिला? सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला पोहणे आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी हे काम भोपळा आणि पांगारा करीत.

कायद्यातही एक भोक राहिले आहे. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार, मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांनी, आणि त्यांत क्रीडा प्रबोधिन्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आपल्या कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी केली पाहिजे. पण हौशी क्लबात कर्मचारी नसतातच. असतात काका, दादा, सर. जो पगार घेतो त्याची पडताळणी होते, आणि जो फुकट, प्रेमाने, स्वतःचे पेट्रोल जाळून मुलांना पाण्यावर नेतो त्याची चौकशी करणे आपल्याला कृतघ्नपणा वाटतो. फडातल्या पाटकऱ्याला मात्र गावाने लक्ष ठेवल्याचा राग येत नसे. त्या माणसांच्या प्रामाणिकपणाला जपणारी गोष्टही तीच होती, कारण खोटा आळ आला तर सारे गाव साक्षीला उभे असे.

म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत जे कोणी मुलांना घेऊन गळ टाकायला जातात, किंवा जाण्याचा बेत करीत आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सरकारी आदेशाची आणि पुढच्या मृत्यूची वाट पाहू नका. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक फेरीला तिच्यात तारीख, पाणवठा, मुलांची नावे, सोबत गेलेल्या किमान दोन मोठ्यांची नावे, निघण्याची आणि परतण्याची वेळ लिहा, आणि ती वही कोणत्याही पालकाला कधीही पाहू द्या. पालकांपैकी कोणीही न सांगता काठावर येऊन उभे राहिले तर त्यांना चहा द्या, कारण विचारू नका. मुलांशी खासगीत संदेश चालवू नका, त्यांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय फिरवू नका, भेटवस्तू द्यायची तर सर्वांसमोर आणि सर्वांना द्या. धरणातून पाणी सुटणार आहे का याची चौकशी करूनच निघा; अंगावर तरंगजाकिटे आणि हाताशी दोर असल्याशिवाय गळ काढू नका. मुलाला सांगा की इथल्या कोणत्याही माणसाविषयी, अगदी तुमच्याविषयीही, ज्याच्याकडे तक्रार करता येईल अशी एक बाई किंवा एक माणूस क्लबाच्या बाहेरचा आहे, आणि त्या व्यक्तीचे नाव त्याला पाठ करून घ्या. गैरप्रकार कळूनही पोलिसांना न सांगणे हा पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, हे सगळ्या मोठ्यांना ठाऊक असू द्या. आणि पालकांनो, मूल एक दिवस अचानक म्हणाले की मला आता मासे धरायला जायचे नाही, तर काठीला दिलेल्या पैशांचा विषय काढू नका. त्याच्याजवळ बसा आणि ते बोलेपर्यंत थांबा.

वहीच्या पहिल्या पानावर १०९८ हा क्रमांक लिहा. मुलांसाठीची ही मदतवाहिनी १९९६ साली मुंबईत सुरू झाली. ती आता देशभर, रात्रंदिवस आणि विनामूल्य चालते.